क्रीचरचे सँडविच आणि हर्मायनीची खुर्ची

पुस्तक येऊन इतकी वर्षे झाली तरी भांडण काही मिटलेले नाही. हॅरी पॉटर मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग २१ जुलै २००७ रोजी बाजारात आला आणि तेव्हापासून जगभरचे वाचक त्यातले सुटे धागे ओढत बसले आहेत. ग्रिफिंडरची तलवार गॉब्लिन घेऊन पळाला होता, मग ती टोपीतून नेव्हिलच्या हातात कशी आली? एल्डर छडीची मालकी नक्की कोणाकडून कोणाकडे गेली? उतारवयात कोणीतरी पहिल्यांदाच जादू करणार, असे लेखिका जे. के. रोलिंग यांनी एका मुलाखतीत सांगून ठेवले होते, ते माणूस कुठे गेले? अम्ब्रिज बाईला शिक्षा झाली की ती सुटली? एकोणीस वर्षांनंतरच्या प्रकरणात सगळ्यांची लग्ने आणि पोरेबाळे दाखवली, पण हॅरी पोटापाण्यासाठी काय करतो हे का नाही सांगितले?

आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर अभ्यासगट भरतो. त्यात अकरावी-बारावीची आणि कॉलेजची दहा-बारा पोरे-पोरी येतात. मागे एकदा आम्ही पोहोचलो तेव्हा हाच वाद रंगात आला होता. निम्म्यांनी पुस्तके वाचलेली, बाकीच्यांनी नुसते सिनेमे पाहिलेले. छडीची मालकी या विषयावर दोन मुले इतकी हमरीतुमरीवर आलेली की जणू सातबाऱ्याचा दावा चालू आहे. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "ते सगळं सोडा. क्रीचर सुटला का?"

कोणाला उत्तर देता आले नाही. सिनेमावाल्यांना तर क्रीचर कोण हेही धड आठवत नव्हते.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, इथे रोज अत्याचाराच्या बातम्या येताहेत आणि तुम्ही साहेबांच्या देशातल्या जादूगारांच्या पोथ्या कसल्या वाचताय? मित्रांनो, आपली पोरे त्या पोथ्या वाचताहेत म्हणून आम्ही वाचतो. मराठीतही त्या आल्या आहेत. गुलाम कोण, मालक कोण, मुक्ती कशी मिळते आणि कोण देते, याच्या कल्पना पोरांच्या डोक्यात भाषणांपेक्षा गोष्टींतून जास्त पक्क्या बसतात. आपल्या आजीला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या जादूच्या जगात हाऊस-एल्फ नावाची एक जमात आहे. ठेंगणी, मोठ्या कानांची, अंगात स्वतःची जबरदस्त जादू असलेली. मोठ्या घराण्यांत हे एल्फ पिढ्यान् पिढ्या राबतात. पगार नाही, सुट्टी नाही. अंगावर उशीचा अभ्रा किंवा फडके. मालकाच्या मर्जीविरुद्ध एक शब्द निघाला तर एल्फने स्वतःच स्वतःला शिक्षा करून घ्यायची, डोके आपटून घ्यायचे. मालकाने कपडा दिला तरच सुटका. ज्या शाळेत हॅरी शिकतो त्या हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात असे शंभरावर एल्फ आहेत. पोरे जेवतात, गाद्या गरम होतात, चुली साफ होतात आणि हे सगळे कोण करते याचा पत्ता पोरांना चौथ्या पुस्तकापर्यंत नसतो. शाळेतले एक भूत तर अभिमानाने सांगते की चांगला एल्फ तोच, ज्याच्या असण्याचा पत्ताही लागत नाही. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर पहाटे चार वाजता झाडू घेऊन निघालेल्या बायका आल्या. वाचणाऱ्याने आपापले चित्र आणावे.

क्रीचर हा सिरियसच्या घराण्याचा म्हातारा एल्फ. त्या घरात जुन्या एल्फांची मुंडकी भिंतीवर टांगलेली आहेत. सिरियस मेल्यावर घर हॅरीच्या नावावर होते आणि घराबरोबर क्रीचरही. वारसा खरोखर लागू झाला की नाही हे तपासायचे कसे? डम्बलडोर सांगतात, त्याला एखादी आज्ञा कर. हॅरी म्हणतो, गप्प बस. क्रीचरचे तोंड मिटते. झाला मालकीचा पुरावा. आम्ही सात भागांत याहून भेदक जागा वाचलेली नाही. गंमत म्हणजे लेखिकेला ती भेदक वाटते की विनोदी, ते शेवटपर्यंत कळत नाही.

शेवटच्या पुस्तकात हॅरी क्रीचरशी चांगले वागू लागतो. त्याच्या मेलेल्या धाकट्या धन्याचे, रेग्युलसचे लॉकेट म्हणून एक खोटे लॉकेट त्याला देतो. लगेच क्रीचर पालटतो. घर लख्ख, भांडी चकचकीत, गरमागरम सूप. मग हॅरी आणि मित्रांना ते घर अचानक सोडावे लागते आणि क्रीचर शत्रूच्या तावडीत मागे राहतो. त्याचे तिथे काय झाले? हाही एक सुटा धागा. पुस्तक सांगत नाही. अंतिम लढाईत मात्र तोच क्रीचर हॉगवर्ट्सच्या सगळ्या एल्फांना घेऊन, हातात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि कोयते घेऊन, व्होल्डेमॉर्टच्या फौजेवर तुटून पडतो. गळ्यात ते लॉकेट. तोंडी रेग्युलसचे नाव.

लढाई जिंकली जाते. आता मोठ्या दालनात सगळे जेवायला बसलेत. शाळेतल्या चार घरांची वेगवेगळी टेबले आहेत, पण त्या दिवशी कोणी आपापल्या घराच्या टेबलावर बसलेले नाही. शिक्षक, विद्यार्थी, आईबाप, सेंटॉर, एल्फ सगळे मिसळून गेलेत. म्हणजे आपल्या भाषेत सहभोजन. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी, त्यानंतर फार तर तासा-दोन तासांनी, दमलेला हॅरी आपल्या पलंगाची आठवण काढतो आणि मनात म्हणतो, क्रीचर तिथे एखादे सँडविच आणून देईल का?

मुख्य गोष्ट तिथे संपते. पुढे एकोणीस वर्षांनंतरचे छोटेसे प्रकरण आहे, त्यात एल्फांचा उल्लेखही नाही.

या सँडविचवर वाचकांत केवढी भांडणे आहेत! एक गट म्हणतो, अरे, दमलेल्या पोराला भूक लागली, त्यात काय एवढे शोधता? दुसरा म्हणतो, क्रीचरला हॅरीविषयी माया आहे, तो आनंदाने देईल. तिसरा म्हणतो, क्रीचरला सोडले तर धक्क्याने मरेल, असे सिरियसनेच सांगितले होते. शिवाय त्याला संघटनेची सगळी गुपिते ठाऊक होती, म्हणून सोडता आले नाही.

यातला गुपितांचा मुद्दा पुस्तकातलाच आहे आणि युद्ध चालू असेपर्यंत तो खराही होता. पण युद्ध संपले. व्होल्डेमॉर्ट मेला. राखायला गुपित उरले नाही. क्रीचर स्वतः लढून आला. एवढे झाल्यावर हॅरीच्या मनात जी पहिली गोष्ट येते ती मोजा नव्हे, सँडविच आहे. दुसऱ्या भागात याच हॅरीने युक्तीने डॉबीला मोजा मिळवून देऊन सोडवले होते. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. डॉबीचा मालक दुष्ट लुसियस मॅल्फॉय होता. क्रीचरचा मालक आता हॅरी स्वतः आहे, आणि स्वतः मालक झाल्यावर मोजा आठवत नाही. दुसऱ्याचा गुलाम सोडवणे सोपे असते.

रोलिंगबाईंच्या चाहत्यांचा हुकमी एक्का असा की लेखिकेने पुढे सगळे सांगितले आहे. खरे आहे. पुस्तक आल्यावर नऊ दिवसांनी, ३० जुलै २००७ रोजी त्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. अम्ब्रिजला कैद झाली. विंकी हॉगवर्ट्समध्येच आहे आणि तीही त्या लढाईत होती. आणि हर्मायनीने जादू मंत्रालयाच्या जादूई प्राण्यांच्या नियमन आणि नियंत्रण विभागात नोकरी धरली, तिथे एल्फांचे जिणे बरेच सुधारले, मग ती कायदा विभागात गेली आणि शुद्ध रक्तवाल्यांच्या बाजूचे जुलमी कायदे तिने काढून टाकायला लावले.

इथेच आमचे भांडण आहे.

चौथ्या पुस्तकात हर्मायनी एल्फांसाठी संघटना काढते. तिला आधी जे नाव द्यायचे होते त्यात एल्फांचा कायदेशीर दर्जा बदलण्याची भाषा होती. ते नाव बिल्ल्यावर मावले नाही. म्हणून बिल्ल्यावर आले ते एल्फ-कल्याण. हक्क जाहीरनाम्यात राहिला आणि छातीवर कल्याण लागले. वर त्या नावाची आद्याक्षरे इंग्रजीत जोडली की ओकारी असा अर्थ होतो, म्हणजे चळवळीची टर लेखिकेने नावातच उडवून ठेवली. पण बिल्ला बाजूला ठेवा आणि जाहीरनामा वाचा. तातडीच्या मागण्या: योग्य वेतन आणि कामाच्या बऱ्या अटी. दीर्घकालीन मागण्या दोन. एक, एल्फांना छडी वापरायला बंदी करणारा कायदा बदलणे. आणि दोन, त्याच नियमन आणि नियंत्रण विभागात एका एल्फला जागा मिळवून देणे, कारण तिथे त्यांचे प्रतिनिधित्व नाही.

पुन्हा वाचा. मागणी एल्फला खुर्ची मिळावी अशी होती. त्या विभागाच्या खुर्चीत शेवटी बसली कोण? हर्मायनी.

वाचकांच्या एवढ्या चर्चा आम्ही वाचल्या, तलवार आणि छडीवर पानेच्या पाने वाचली, पण हा धागा आम्हाला कोणी ओढलेला दिसला नाही. उलट तिची नोकरी हेच एल्फ-प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने जे नीट ओळखले होते, की कल्याण वेगळे आणि प्रतिनिधित्व वेगळे, ते लेखिकेच्या उत्तरात गळून पडले. आमचा हर्मायनीवर राग नाही. ती त्या जगातली सर्वांत प्रामाणिक पोरगी आहे. पण तिच्या संघटनेत अध्यक्ष ती स्वतः, खजिनदार रॉन, चिटणीस हॅरी. एकही एल्फ नाही. पदाधिकारी मंडळाची यादीच सांगत होती की पुढे खुर्चीत कोण बसणार.

आंबेडकरी वाचकाला इथे १९३२ साल आठवल्याशिवाय राहणार नाही. पुणे करारानंतर सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी संघ निघाला, ज्याचा पुढे हरिजन सेवक संघ झाला. तिसऱ्या गोलमेज परिषदेला बोटीने जाताना बाबासाहेबांनी ठक्कर यांना लांबलचक पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे की दारू सोडा, स्वच्छ राहा, शिका असली व्यक्तीला सुधारण्याची कामे नंतर करा, आधी विहिरी, शाळा, चावडी, वाहने यांवरच्या नागरी हक्कांची मोहीम काढा आणि कामाला अस्पृश्यांमधलीच माणसे घ्या. त्यातले काही झाले नाही आणि बाबासाहेब त्या संघातून बाजूला झाले. पुढे अस्पृश्यांनी संघाच्या कारभारात जागा मागितली तेव्हा गांधीजींचे उत्तर असे की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, कर्ज त्यांचे आहे, तेव्हा ते फेडायचे कसे हे त्यांनीच ठरवायचे. हर्मायनी गांधीजी नाही, एवढे आम्हालाही कळते. पण ज्याच्यासाठी संघटना त्याला संघटनेत जागा नाही, ही रचना तीच आहे.

आता चाहत्यांचा सर्वांत जुना युक्तिवाद. एल्फांना राबणे आवडते. तो त्यांचा स्वभावच आहे. त्यांना माणसाच्या मापाने मोजू नका. काही अभ्यासू वाचक पुढे जाऊन सांगतात की रोलिंगबाईंनी हे स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लोककथांतल्या ब्राउनीवरून घेतले आहे. ब्राउनी रात्री येऊन घरकाम करतो आणि त्याला कपडे दिले की निघून जातो. बरोबर. पण लोककथेतला ब्राउनी मनाला येईल तेव्हा येतो, मनाला येईल तेव्हा जातो. त्याला कोणी वारसाहक्काने घेत नाही. त्याच्यासाठी मंत्रालयात खाते नाही, त्याला छडी धरायला बंदी करणारे कलम नाही, त्याचे मुंडके भिंतीवर नाही. हे सगळे लेखिकेने आपल्या हाताने घातले. विशीत लंडनला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या संशोधन विभागात काम केलेली बाई आहे ती. २००८ साली हार्वर्डच्या भाषणात तिने स्वतःच ते सांगितले. छळ म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. कायदा, वारसा आणि शिक्षा आणून ठेवायच्या आणि मग स्वभावाकडे बोट दाखवायचे, हे चालणार नाही.

शिवाय सेवा हा अमक्यांचा जन्मजात स्वभाव, हे वाक्य आपण कुठे ऐकलेले नाही? गीतेच्या अठराव्या अध्यायापासून गावच्या पारापर्यंत हेच ऐकत आलो आपण.

एक सावधगिरी मात्र हवी. एल्फ म्हणजे आपण, असे सरळ समीकरण पोरांनी मांडले तेव्हा आम्ही त्यांना थांबवले. आपल्या पूर्वजांना गुलामी आवडत होती असे म्हणायला आम्ही तयार नाही. लेखिकेने एल्फ असे घडवले आहेत की बहुतेकांना साखळी प्रिय वाटावी. तसे घडवणे ही तिची निवड आहे, निसर्गनियम नाही. आणि तिच्याच पुस्तकात डॉबी आहे! हर्मायनी भेटायच्या कितीतरी आधी, कोणी भाषण न देता, त्या पोराला सुटायचे होते. जो स्वभाव एकाला लागू होत नाही तो स्वभाव कसला?

डॉबीचे पुढे काय होते तेही बघा. सुटल्यावर तो दोन वर्षे कामासाठी देशभर वणवण करतो, कारण पगार मागणारा एल्फ कोणालाच नको. डम्बलडोर त्याला आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात, तर हा घासाघीस करून तो पगार एक गॅलियनवर आणि सुट्टी महिन्याला एक दिवसावर आणतो. मजूर स्वतः मजुरी खाली ओढतो, हे वाचून हसू यावे अशी योजना आहे. एखाद्या सफाई कंत्राटदाराने हे पान फ्रेम करून लावावे. विंकीची गोष्ट तर त्याहून वाईट. क्राउच साहेब तिला कपडे देऊन हाकलतो आणि ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पीत पडते. वाचक म्हणतात, बघा, स्वातंत्र्य मानवले नाही. आम्ही म्हणतो, तिला स्वातंत्र्य मिळाले कुठे? तिला बडतर्फी मिळाली. ना काम, ना घर, ना सोबतीला चार माणसे.

या सगळ्यावर त्या जगातले इतर लोक काय म्हणतात ते फार महत्त्वाचे आहे. रॉन शुद्ध रक्ताचा पण गरीब, तो हसतो. हॅग्रिड अर्धा राक्षसवंशी. स्वतःच्या जन्मावरून त्याने आयुष्यभर अपमान सोसला. तोही हर्मायनीचा बिल्ला घेत नाही आणि म्हणतो, हे करणे म्हणजे एल्फांवर अन्याय होईल. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी आहे, म्हणून कोणालाच उतरंड मोडायची नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली ती हीच. पोरांना ती पाठ होती, पण हॅग्रिडचे नाव घेतल्यावर उमजली, हे आम्ही कबूल करतो.

म्हणूनच शेवटच्या पुस्तकात रक्तशुद्धीचा धागा नीट बांधला जातो आणि एल्फांचा लोंबकळत राहतो. मगल आईबापांच्या पोटी जन्मलेल्या जादूगारांना मडब्लड म्हणून हिणवले जाते. त्यांच्या नोंदणीसाठी आयोग बसतो, छड्या काढून घेतल्या जातात, वंशावळ सिद्ध करा म्हणतात. भयानक आहे ते, आणि लेखिकेने ते मनापासून लिहिले आहे. पण ते छडीधाऱ्यांच्या आतले भांडण आहे. त्यांना छडी परत मिळाली की पुस्तकाच्या दृष्टीने न्याय झाला. ज्यांना छडी कधीच नव्हती त्यांचे काय? एका प्रसंगात ग्रिपहुक नावाचा गॉब्लिन हे तोंडावर विचारतो. जादूगार छडीचे ज्ञान इतरांना देत नाहीत, असा त्याचा आरोप आहे. हर्मायनी कळवळून सांगते, मीही मडब्लड आहे, माझीही तुमच्याइतकीच शिकार होते आहे, आणि आम्हाला कित्येक वर्षांपासून एल्फांची मुक्ती हवी आहे. हे आम्हाला ऐकून शेजारी बसलेला रॉन चुळबुळतो. त्या चुळबुळीसाठी रोलिंगबाईंना शंभर गुण.

तलवारीचा वादही तिथलाच. गॉब्लिनांचा नियम असा की वस्तू घडवणाऱ्याची. विकत घेणारा फक्त हयातीपुरता वापरतो, मेल्यावर ती परत आली पाहिजे. हॅरी तलवार द्यायचे कबूल करतो, पण कधी ते मुद्दाम सांगत नाही. हर्मायनीला हा चलाखपणा आवडत नाही. पुढे ग्रिपहुक तलवार उचलून पळतो आणि वाचक त्याला दगाबाज म्हणतात. नंतर तलवार टोपीतून नेव्हिलकडे येते तेव्हा सगळे विचारतात, जादू कशी चालली? घडवणाऱ्याचा दावा खरा होता की खोटा, हे विचारणारे थोडे. कारागिराचा हक्क जादूनेच खारीज झाला आणि दाद मागायला कोर्टही नाही.

हर्मायनीच्या टोप्यांबद्दल बोललेच पाहिजे, कारण तिथे आपल्या चळवळीलाही शिकण्यासारखे आहे. पाचव्या भागात ती लोकरीच्या टोप्या विणते आणि केरकचऱ्याखाली लपवून ठेवते. साफसफाईला आलेला एल्फ नकळत उचलेल आणि सुटेल, असा बेत. चिकित्सक वाचक विचारतात की ती मालकीण नसताना तिच्या टोपीने ते सुटतील कसे. रास्त शंका. पण त्याहून मोठी गोष्ट ही की एल्फ त्या टोप्यांनी दुखावतात आणि त्या भागात साफसफाईला यायचेच बंद होतात. सगळे काम एकट्या डॉबीवर पडते, टोप्याही तोच नेतो, एकावर एक डोक्यावर चढवून फिरतो. आणि हर्मायनी टोप्या संपताहेत म्हणजे एल्फ सुटताहेत या आनंदात विणतच राहते. नकळत सोडवायचे! ज्याला सोडवायचे त्याच्याशी बसून एक तास बोलायचे नाही. स्वयंपाकघर तर जिना उतरून खाली होते. ती गेली नाही असे नाही, गेली होती, पण भाषण करून आली. ऐकून आली नाही.

कपड्यावरून आम्हाला महाड आठवले. मनुस्मृती चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे नेमून देते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली आणि दोन दिवसांनी बाबासाहेब तिथे जमलेल्या बायकांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, कुठले दागिने टाकावेत, अंगावरच्या खुणेवरून कोणी आपली जात ओळखू नये, असे सरळ समोर बसवून सांगितले. कपडा कोणी दिला नाही, आणि लपवून तर नाहीच नाही. बायकांनी ऐकले, पटले, आणि आपले लुगडे आपल्या हाताने वेगळे नेसले. हॉगवर्ट्सच्या एकाही एल्फला ही संधी मिळत नाही, कारण तिथला कायदाच असा की कपडा मालकाकडून यायला हवा. मुक्तीसुद्धा मालकाची देणगी. कपडा फेकून न देता स्वतः कमावून अंगात घालणारा एल्फ लेखिकेच्या कल्पनेत आला, त्याचे नाव डॉबी, आणि त्याला तिने शेवटच्या पुस्तकात मारून टाकले. हॅरी जादू न वापरता स्वतःच्या हातांनी त्याची कबर खोदतो, दगडावर त्याला स्वतंत्र एल्फ म्हणतो. ते पान वाचताना आम्हीही रडलो, खोटे कशाला सांगू. पण स्वतंत्र एल्फ मातीखाली आणि जिवंत एल्फ सँडविच आणायला, हा हिशेब डोळे पुसल्यावरही तसाच राहतो.

पुस्तकाचा स्वतःचा उपदेश काय आहे? सिरियस क्रीचरशी वाईट वागला म्हणून क्रीचरने दगा दिला आणि सिरियस मेला. हॅरी चांगला वागला म्हणून क्रीचर चांगला झाला. म्हणजे गुलामाशी प्रेमाने वागा. यात गुलामी कुठेच हलत नाही. फक्त मालक बदलतो, वाईटाच्या जागी चांगला येतो. आणि सहभोजन? एल्फ एका दिवशी पंगतीत बसले, हे आम्हाला आवडले. पण १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजनाचे जे केले ते आपल्याला माहीत आहे. एका पंगतीने उतरंड मेली असती तर त्याच दिवशी सँडविचची आठवण झाली नसती.

चौथ्या भागाच्या सिनेमात तर विंकी आणि हर्मायनीची संघटना दोन्ही नाहीत. कापून टाकली. कथेला गरज नव्हती म्हणे. त्यामुळे नुसते सिनेमे पाहिलेल्या पोरांना हा प्रश्न पडतच नाही, त्यांच्यासाठी डॉबी एक गोड बाहुला आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही त्या रविवारी उत्तर दिले: नाही, पुस्तकात तरी सुटलेला नाही. मग पोरांनीच ठरवले की लढाईनंतरच्या रात्री स्वयंपाकघरात काय झाले ते प्रकरण आपण लिहायचे. एकाने लिहिले की क्रीचर सँडविच नेतो, पण ताटलीत पावती ठेवतो. दुसऱ्याने सुऱ्या-कोयते वरच्या मजल्यावर पाठवले, त्याला सगळ्यांनी मिळून खाली आणले. त्या मुलीने लिहिले की एल्फांची पहिली बैठक भरली आहे, विंकी इतिवृत्त लिहिते आहे, डॉबीच्या नावाने एक जागा मोकळी ठेवली आहे आणि पहिला ठराव छडीचा आहे. पगाराचा दुसरा.

तिसऱ्या विषयावर बैठक अडली आहे: हर्मायनीला बोलवायचे का, आणि बोलावले तर ती बसणार कुठे. यावर आमच्या गटात दोन तट पडलेत. आम्ही आमचे मत सांगायला गेलो तर आम्हाला सांगण्यात आले की हे एल्फांनी ठरवायचे आहे. पुढच्या रविवारी मतदान आहे.